ओरत्तनाडूची कॅटमरान

१

डॉक्टर विनुतांनी टेपचं टोक सोडलं, टेप सळसळत डबीत गेली, आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, ही ती होडी नाही."

जयलक्ष्मीनं डोळे मिटून घेतले. तंजावूरहून ओरत्तनाडूपर्यंत ती बसनं उभ्याउभ्या आली होती. पोंगल होऊन चार दिवस झाले होते, तरी बसमध्ये उसाच्या मोळ्या माणसांच्या मांडीवर होत्या. एवढं करून बंद पडलेल्या तांदळाच्या गिरणीत यायचं, कोळिष्टकांत उभं राहायचं, आणि चेन्नईहून आलेल्या गिऱ्हाईक बाईनं हे सांगायचं.

"म्हणजे कुठली आहे ही?" तिनं विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. कागदावर साडेसोळा फूट आहे. ही चौदा भरली. कागदावरचा नंबर चारशे सतरानं संपतो. इथे उजव्या होडक्याच्या मागच्या कडेला शून्य ब्याण्णव कोरलंय." विनुता चिडल्या नव्हत्या, उलट त्यांना जयलक्ष्मीची दया आली होती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

मुळात ही होडी तिनं मागितली होती कुठे? तिचा थोरला भाऊ रघोजी कालव्यांच्या खात्यात इंजिनियर होता. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, यानं पुदुच्चेरीतून शिडाची जुनी कॅटमरान आणली. दोन लांब निमुळती होडकी, मध्ये ताणलेलं जाळीचं कापड, वर डोलकाठी. समुद्र चाळीस-पन्नास किलोमीटर लांब, म्हणून ती चुलतभावाच्या गिरणीत ठेवायची आणि गाड्यावर घालून किनाऱ्यावर न्यायची. असं नऊ वर्षं चाललं. ऑगस्टच्या शेवटी रघोजी गेला. मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेलेली. मृत्युपत्रात एक ओळ निघाली: "होडी जयाला. काय करायचं ते तिला कळेल."

जयाला काहीही कळलं नव्हतं. जिला घाटाच्या पायरीवरून पाण्यात पाय सोडायला भीती वाटते तिच्या गळ्यात हे घोंगडं का, हे विचारायला अण्णा जागेवर नव्हता.

एक गोष्ट मात्र तिला येत होती. एकतीस वर्षं तिनं विमा कंपनीसाठी आपटलेल्या गाड्या तपासल्या होत्या. गाडी कधी खोटं बोलत नाही, तिच्या शेजारी उभा असलेला माणूस बोलतो, हा तिचा सिद्धांत होता. तिनं चष्मा पुसला आणि होडीभोवती एक फेरी मारली.

उन्हानं विटलेला रंग. घासून गुळगुळीत झालेल्या कडा. दोन्ही नाळांवर, म्हणजे होडक्यांच्या पुढच्या टोकांवर, डोलकाठीच्या बुंध्याशी आणि सुकाणूच्या दांड्यावर चंदनाचे वाळलेले ठिपके, मध्ये कुंकू, जसे सायकलपासून लॉरीपर्यंत सगळ्यांना लागतात तसे. गिरणीचं यंत्र, तराजू, पट्टे, सगळ्यावर बोटभर धूळ.

"कोण बदलून नेणार हो असली वस्तू?" विनुता म्हणाल्या.

दारातून आवाज आला. "दुसरा कोण? तो मणी." चुलतभाऊ वरुणराव किल्ल्यांचा जुडगा हलवत उभा होता. "मी आजच पोलिसांत जातों अक्का."

२

वरुणरावाचं घर गिरणीच्या मागेच होतं. त्याची बायको वेंकूबाई हिनं पितळी डबरा-पेल्यातून कॉफी आणून ठेवली आणि दाराआड उभी राहिली. जयलक्ष्मीनं कॉफी ओतून ओतून निववली. माणसाला बोलू द्यायचं असेल तर आपले हात कामात ठेवावे, हे ती नोकरीत शिकली होती.

"शेडला किल्ल्या किती?"

"दोन. एक मजजवळ, एक मणीजवळ. अण्णांनी दिलेली. मी तेव्हांच म्हणालों होतों, कोळ्याच्या हातीं किल्ली देऊं नका म्हणून."

"बोट कधी बदलली असेल?"

"सप्टेंबरांत. अण्णांचा तेरावा झाला आणि दोन दिवसांनी तो गाडा घेऊन आला. होडी धुवून आणतों म्हणाला. संध्याकाळीं परत आणून ठेवली. मी कशाला टेप लावून बघूं? दोन होडकीं, मध्यें जाळी, झालें. तेंव्हापासून शेडचें कुलूप उघडलेंच नाहीं, आज तुम्हांसाठीं उघडलें."

मणी म्हणजे सेतुभावछत्रमचा कोळी. रघोजीला शीड बांधायला त्यानंच शिकवलं, आणि नऊ वर्षं प्रत्येक फेरीत तो सोबत असायचा. सध्या किनाऱ्याच्या सुरक्षा दलात मच्छीमारांतून माणसं घेत होते, त्यात त्याचं नाव लागलं होतं. सोमवारी त्याची पोलीस पडताळणी होती. आज गुरुवार. वरुणरावाची तक्रार त्याआधी नोंदली गेली की नोकरी गेलीच, मग पुढे खरं काहीही निघो.

"सोमवारपर्यंत थांब," जयलक्ष्मी म्हणाली.

"कशाला? चोर पळून जायला?"

"माझी होडी आहे. चोरी झाली असेल तर माझी झाली. मी सांगेन तेव्हा जा."

वरुणरावाला हे आवडलं नाही. त्यानं तोंड वाकडं केलं. विषय बदलायचा म्हणून तिनं सहज विचारलं, "पोंगलचं गोड काही नाही का रे घरात? एवढ्या लांब आले."

त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला. "अक्का, तुम्हीच विचारतां? अण्णांना जाऊन वर्ष कोठें झालें? आम्ही भाऊबंद. आयुधपूजा नाहीं, दिवाळी नाहीं, पोंगल नाहीं. उंबऱ्यावर कोलमची रांगोळी नाहीं. माझ्या आजोबांपासून गिरणीच्या तराजूला गंध चुकलें नव्हतें, यंदा बोटभर लावलें नाहीं. गांवांत कोणासही विचारा."

गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. असल्या बाबतीत वरुणराव खोटं बोलणं शक्यच नव्हतं. सोवळं हा त्याचा एकुलता एक दागिना होता आणि तो सगळ्यांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

३

सेतुभावछत्रमला पोचेस्तोवर शुक्रवारचे अकरा वाजले. दोन बसा, एक शेअर रिक्षा. रिक्षावाल्यानं मधेच थांबून कोंबड्या चढवल्या. जयलक्ष्मीनं मनातल्या मनात अण्णाला पुन्हा एकदा झापलं.

कोळीवाड्यात दर दारापुढे पोंगलची रंगीत रांगोळी अजून अर्धीमुर्धी शिल्लक होती, मडक्याला गुंडाळलेली हळदीची पानं सुकत पडली होती. मणीच्या दारापुढे नुसती झाडलेली वाळू. बायको आजारी असावी, असं जयलक्ष्मीला वाटलं. पण बायको धडधाकट बाहेर आली, काळी कॉफी देऊन गेली. गोडाचं नाव नाही. आज सगळं जग उपाशी मारायला निघालंय, असं मनाशी म्हणत ती उलट्या टोपलीवर बसली.

मणी पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. तमिळमध्येच बोलला.

"सप्टेंबरात मी तिकडे गेलोच नाही, अम्मा. शेवटची होडी काढली ती जुलैत, रघोजी अय्यांबरोबर."

"वरुणराव म्हणतात तू तेराव्यानंतर दोन दिवसांनी आलास."

"कुणी पाहिलं?"

"त्यांनी."

मणीनं जाळ्याची गाठ सोडली, पुन्हा मारली. "मग त्यांचंच खरं धरतील."

जयलक्ष्मीला वैताग आला. हा माणूस स्वतःसाठी भांडतही नव्हता. "अरे, काहीतरी सांग की. किल्ली कुठाय तुझी?"

"तुमच्याकडे."

"काय?"

"महालयाच्या सर्वपित्री अमावास्येला मी तिरुवैयारूला वडिलांना तीळपाणी द्यायला आलो होतो. येताना तंजावूरला तुमच्या घरी आलो, किल्ली दिली. अय्या नाहीत तर मजकडे किल्ली कशाला, म्हणालो. तुम्ही लोखंडी कपाटात ठेवलीत."

तिला आठवलं. राजवाड्यामागच्या गल्लीत, तिच्या दारात, हा पंच्याच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडत उभा होता. तेव्हा ती गवंड्याशी भांडत असल्यामुळे तिनं त्याला धड पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पण त्यानं काय होणार होतं? वरुणराव सांगत होता तो दिवस अमावास्येच्या आधीचा. तेव्हा किल्ली मणीकडेच होती. आणि वाळूत बसून तिच्याकडे पाहणाऱ्या या माणसालाही ते कळत होतं.

"खरी होडी कुठे आहे ते मला ठाऊक आहे, अम्मा," तो हळूच म्हणाला. "किनाऱ्यावरच्या जुन्या मनोऱ्याजवळ. गेल्या आठवड्यात पाहिली. अय्यांची होडी मी अंधारातही ओळखेन. तुम्ही विकली असं वाटलं, म्हणून विचारलं नाही."

४

मनोऱ्याच्या अलीकडे किनाऱ्यावर प्रणवेशचा पर्यटकांना होडीतून फिरवण्याचा तळ होता. प्रणवेशही तंजावूरच्याच मराठी घरातला, वाढलेला चेन्नईत. डोक्यावर गॉगल, पायांत रबरी चपला. ताडपत्रीखाली साडेसोळा फुटांची कॅटमरान झाकून ठेवली होती. जयलक्ष्मीनं त्याला न विचारता ताडपत्री उचलली आणि उजव्या होडक्याच्या मागे वाकून पाहिलं. चारशे सतरा.

ती तयारीनं आली होती, की हा आता लपवालपवी करेल. पण प्रणवेश हसला.

"हो आंटी, तीच आहे. मणीनं एक्स्चेंज केली. तुमची परमिशन आहे म्हणाला. माझी छोटी त्याला दिली. मला काय माहीत?"

"कागद?"

"कागद कोण करतो आंटी? इकडे सगळं तोंडच्या वर्डवर चालतं."

"कधी दिलीस?"

"सप्टेंबर दहा. डेट लक्षात आहे, कारण आदल्या दिवशीपर्यंत माझी छोटी पाण्यात होती. अख्खा समर रोज पाण्यात. टूरिस्ट, टूरिस्ट, टूरिस्ट. मणीला म्हटलं, बाबा, ओलीच घेऊन जा."

झालं. दोन साक्षीदार, एकच महिना, एकच माणूस. आता वरुणराव पोलिसात गेला तर तिला अडवायला तोंड नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण हा संन्यासीच आहे हे तरी कशावरून? एक उतरलेला चेहरा आणि झाडलेली वाळू, यावर कुठला विमा मंजूर होतो?

परतीच्या बसमध्ये तिला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. पाय दुखत होते, डोकं दुखत होतं. अण्णाचा, होडीचा, वरुणचा, मणीच्या मुकेपणाचा, सगळ्यांचा तिला कंटाळा आला होता. पुढच्या काचेच्या वर, देवाच्या तसबिरीखाली, पत्र्यावर चंदनाचे तीन ठिपके होते. दाराजवळचा ठिपका आत येणाऱ्या पावसानं निम्मा धुपून गेला होता. तसबिरीखालचे मात्र कोरडे, कडा शाबूत.

ती त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. मग ताडकन उठली.

"ओरत्तनाडूला थांबवा," तिनं कंडक्टरला सांगितलं.

"तंजावूरचं तिकीट आहे तुमचं, अम्मा."

"ठेवा तुम्हालाच," ती म्हणाली.

५

शनिवारी सकाळी गिरणीत चौघं जमले. वरुणराव, प्रणवेश, मणी, आणि दाराशी वेंकूबाई, जिला कुणी बोलावलं नव्हतं पण घर तिचं होतं. जयलक्ष्मी होडीच्या नाळेला टेकून उभी राहिली.

"प्रणवेश, ही तुझी छोटी होडी. ओळखलीस?"

"येस, आंटी."

"सप्टेंबरच्या नऊ तारखेपर्यंत रोज खाऱ्या पाण्यात. बरोबर? आणि वरुण, सप्टेंबरात मणीनं आणून ठेवल्यापासून या शेडचं कुलूप तू उघडलं नाहीस. परवाच उघडलंस."

दोघांनी माना हलवल्या. मणी खाली बघत होता.

तिनं नाळेवर बोट ठेवलं. "मग हे काय?"

सगळ्यांनी पाहिलं, आणि कुणालाच काही दिसलं नाही. तिला हसू आलं, रागही आला. "तुम्हालाच नाही, मलाही दिसलं नव्हतं. जन्मभर बघतो ना आपण. चंदन, मध्ये कुंकू. आयुधपूजेचं. खाऱ्या पाण्यात एक फेरी मारली तर हे टिकेल? बघा, कड न् कड शाबूत आहे. म्हणजे हे लागल्यापासून होडी पाण्यात गेलेली नाही. पण उन्हाळाभर तर ती पाण्यातच होती, हा म्हणतो. तेव्हा गेल्या सालचं गंध नव्हे. यंदाचं आहे. यंदाची आयुधपूजा ऑक्टोबरात झाली, महालय अमावास्येनंतर दहा दिवसांनी."

प्रणवेशनं गॉगल डोळ्यांवर घेतला.

"आता ऑक्टोबरात ही होडी या शेडमध्ये होती, तर गंध इथेच कुणीतरी लावलं. आणि इथे नव्हती, तर तुझ्या तळावर होती, तुझ्या माणसांनी इतर होड्यांबरोबर हिचीही पूजा केली, आणि अदलाबदल त्यानंतर झाली. त्यानंतर मणीची किल्ली माझ्या कपाटात होती. शिल्लक राहिली एक."

वरुणरावाच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला.

"तुला एक वाट आहे, वरुण," जयलक्ष्मी म्हणाली. तिचा आवाज आता थकलेला होता. "सांग की आयुधपूजेला तू शेड उघडलीस आणि गंध लावलंस. कुलपाचं तेवढं चुकून बोललास. एवढं कबूल केलंस की मजजवळ काही उरत नाही."

वरुणराव बोलायला लागला. "म्हणजे, तसें म्हटलें तर, मी त्या दिवशीं सहज..."

"काय?" दारातून वेंकूबाई म्हणाली. ती दोन पावलं आत आली. "आमच्या घरांत? वर्षाच्या आंत? मी दिवाळीस लेकीस माहेरीं आणली नाहीं. पोंगलास मडकें चुलीवर चढवलें नाहीं. आणि तुम्ही इथें गंध लावीत होतां?"

"नाहीं गे, मी कशाला लावूं? यंत्राकडे बघ, तराजूकडे बघ, कोठें आहे गंध?" तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला कळलं. हात दाखवून अवलक्षण.

पुढचं कळायला फार वेळ लागला नाही. प्रणवेश वरुणरावाच्या मुलाला तळावर मॅनेजर करणार होता, बदल्यात मोठी होडी. आयुधपूजा झाल्यावर तिसऱ्या दिवशी गाडा आला. मणीचं नाव घ्यायचं दोघांनी बुधवारी रात्रीच फोनवर ठरवलं होतं.

"नऊ वर्षं माझ्या शेडमध्यें होडी ठेवली," वरुणराव भिंतीकडे बघत म्हणाला. "एकदां मला म्हणाले नाहींत, वरुण, ये, बस, फिरवून आणतों. आणि द्यायची वेळ आली तेव्हां तुम्हांस. तुम्हांस त्याचें पुढें कोठें, मागें कोठें हेंही कळत नाहीं."

हे खरं होतं. झालेलं सगळं तिनं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, खाली दोघांच्या सह्या घेतल्या, आणि तो कागद मणीच्या हातात दिला. "सोमवारी कुणी काही बोललं तर हा दाखव."

६

सोमवारी दुपारी मणीचा फोन आला. पडताळणी झाली होती, कागद दाखवायची वेळ आली नव्हती. मंगळवारी ती पुन्हा सेतुभावछत्रमला गेली, कारण होडी परत घेतल्याची सही तिचीच लागत होती. आणखी दोन बसा, आणखी कोंबड्या.

चारशे सतरा नंबरची कॅटमरान मणीच्या घरापुढे वाळूत उभी होती. डॉक्टर विनुतांनी निरोप दिला होता, की त्या रविवारी येऊन नेतील. चला, सुटलो एकदाचे, असं म्हणत जयलक्ष्मीनं सही केली. मग तिला दारापुढची नुसती वाळू पुन्हा दिसली.

"मणी, तुझ्याकडे कोण गेलं?"

"कुठे, अम्मा?"

"अरे, कोलम नाही, पोंगल नाही. शुक्रवारी मला गोडाचा कणही मिळाला नाही. सुतक कुणाचं आहे?"

मणीनं तिच्याकडे पाहिलं, मग होडीकडे. त्याची बायको दारात येऊन थांबली.

"अय्या गेले ना," तो म्हणाला.

"तुला कसलं सुतक? तू ना आमच्या गोत्रातला, ना नात्यातला."

"नियम मला ठाऊक नाहीत, अम्मा. आयुधपूजेला वाटीत चंदन उगाळून ठेवलं होतं. नाळेपाशी गेलो, हात उचलला नाही. मग दिवाळीलाही नाही. मग ही म्हणाली, वर्ष होऊ दे."

जयलक्ष्मी टोपलीवर बसली. तिनं तीन दिवस चोर शोधला होता आणि या माणसाच्या दारातलं समोर पडलेलं तिला वाचता आलं नव्हतं. वरुणनं सुतक पाळलं ते गावाला सांगायला. यानं पाळलं ते विचारेपर्यंत सांगितलंही नाही. तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याचाही राग आला, कारण रुमाल पिशवीत तळाशी होता.

होडी जयाला. काय करायचं ते तिला कळेल.

सरळ मणीला असं लिहायला काय झालं होतं, अण्णा? पण तसं लिहिलं असतं तर वरुणनं मणीला ऑगस्टातच चोर ठरवलं असतं, हे तिला बसल्याबसल्या कळलं. आधी बहिणीच्या नावावर, म्हणजे कुणाचं काही चालणार नाही. मग बहिणीनं आपलं आपण डोकं चालवायचं. मेल्यावरसुद्धा हा माणूस तिला कामाला लावून गेला होता.

तिनं पिशवीतून होडीचे कागद काढले, गुडघ्यावर ठेवले, आणि डॉक्टर विनुतांना फोन लावला. "मॅडम, माफ करा," ती म्हणाली. "होडी विकायची नाही. तिचा वारस सापडलाय."

मणीला कागदावरचं इंग्रजी येत नव्हतं, पण त्याचं नाव ती तमिळमध्ये लिहिते आहे हे त्याला दिसलं. तो दोन पावलं मागे सरला. "नको, अम्मा. मी कोण?"

"गप बस. मला समुद्राची भीती वाटते आणि बसची त्याहून जास्त. मी काय करू हिचं?"

तो नाळेवरची वाळू पंच्यानं पुसत म्हणाला, "वर्ष झाल्यावर जी आयुधपूजा येईल, तेव्हा तुम्ही या. पहिलं गंध तुम्ही लावा."

"येईन," जयलक्ष्मी म्हणाली. "पण मला त्या दिवशी गोड पाहिजे."